ज्वारी गावची, जेवणारी पोरंही गावचीच: हंगामी वसतिगृहाच्या धान्यखरेदीचं एक प्रकरण

(गाव, गट आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत. धान्य पुरवणाऱ्या महिला बचत गटाच्या हिशेबाची आणि कागदपत्रांची बाजू माझ्याकडे होती, त्यामुळे हे लेखन त्या बाजूने झुकलेलं असणार, हे धरूनच वाचावं.)

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. रान बहुतेक मुरमाड. खरिपात सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी, ओढ्याकाठच्या काळ्या पट्ट्यात रब्बी ज्वारी. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) अंगावर, आणि पुढचे चार-पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

ही पोरं आईबापांबरोबर फडावर जाऊ नयेत म्हणून समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून हंगामी वसतिगृह चालतं. नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडे पोरं झोपायला आजीकडेच असतात. सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत. दुपारी नेहमीचा पोषण आहार. वसतिगृह चालवते शाळा व्यवस्थापन समिती. निधी समितीच्या नावाने येतो आणि किराणा-धान्य समितीच विकत घेते.

या प्रकरणाचं सगळं मूळ या शेवटच्या वाक्यात आहे. दुपारच्या पोषण आहारात शाळेला निवडीचा अधिकार जवळजवळ नाही. तांदूळ अन्न महामंडळाकडून येतो, डाळ-तेल-मसाला वरून नेमलेला पुरवठादार आणून टाकतो. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० आणि ३०. शाळेच्या हातात काय ते भाजीपाला आणि इंधन. त्यामुळे तुरीच्या पट्ट्यातल्या शाळेत तुरीची डाळ कुठून तरी लांबून ट्रकने येते. हंगामी वसतिगृहात मात्र समितीने ठरवलं तर शेजारच्या रानातली ज्वारी घेता येते. नियमात जागा होतीच, ती फारशी कुणी वापरलेली नव्हती.

ती वापरायचं ठरवलं गावातल्या बचत गटाने. गट ११ बायकांचा, उमेदमध्ये (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात) नोंदलेला. बहुतेकींची दोन-तीन एकर कोरडवाहू. चौघींच्या घरचा कोयता दरवर्षी बाहेर जातो, म्हणजे त्यांची स्वतःची पोरं वसतिगृहात जेवणारी.

अडचण

वसतिगृहात भाकरी मिळायची, पण रडतखडत. दुकानातून येणारं ज्वारीचं पीठ महिनाभराचं एकदम दळून आणलेलं असे. पंधरा दिवसांत त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जायची. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी परातीत गोळा मळून आम्हाला दाखवला: थापायला घेतला की कडेने फाटायचा, तव्यावर टाकताना हातात दोन तुकडे. “सर, मी काय करू? पीठच मेलेलं हाय,” एवढंच बोलल्या आणि कुकरला भात लावला. पोरं दुपारीही भात, रात्रीही भात खायची. ज्या घरात तिन्ही त्रिकाळ भाकरी खाल्ली जाते तिथल्या पोराला दोन्ही वेळ भात दिला की ते रात्री आजीकडे जाऊन पुन्हा भाकरी मागतं, आणि आजीच्या डब्यात तेवढं पीठ नसतं.

दुसरीकडे याच गावात फेब्रुवारी-मार्चमध्ये मालदांडी ज्वारी खळ्यावरून थेट आडतीला जायची, हाताला पैसा हवा म्हणून. रब्बी ज्वारी येते तेव्हा वसतिगृह बंद व्हायच्या बेतात असतं, आणि वसतिगृह उघडतं तेव्हा शेतकऱ्याच्या घरात ज्वारी नसते. मधले आठ-नऊ महिने ते धान्य कुणीतरी सांभाळायला हवं, आणि तेवढे दिवस पैसा कुणीतरी अडकवून ठेवायला हवा.

आजवर हे काम गावातला किराणा दुकानदार करत होता. त्याचा दर कमी नव्हता, मालही फार चांगला नव्हता, पण निधी येईपर्यंत तो उधारीवर माल देत होता. मुख्याध्यापकांना त्याच्याविषयी तक्रार नव्हती, आणि असायचं कारणही नाही. अनुदान चार महिने उशिरा आलं तरी पोरांचं जेवण चालू राहिलं ते त्याच्या वहीवर. गटाला दुकानदाराशी स्पर्धा करायची होती ती भावात नव्हे, उधारीत. हे ध्यानात यायला वेळ लागला. सुरुवातीच्या बैठका सगळ्या भावावरच गेल्या.

समोरचे पर्याय

मार्च २०२४ मध्ये ज्वारी निघाली तेव्हा गटाने चार गोष्टी तोलल्या.

पहिली, काहीच न करणं. तूर त्या वर्षी बाजारात क्विंटलला दहा हजारांच्या आसपास होती, हमीभाव ७,००० असताना. विकून मोकळं होण्यात शहाणपण दिसत होतं. दोघी तिघी या मताच्या होत्या आणि त्यांचं चुकत नव्हतं.

दुसरी, शेतमाल तारण. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज. कागदावर झकास. पण मुदत १८० दिवसांची. मार्चमध्ये ठेवलेली ज्वारी सप्टेंबरात सोडवावी लागणार, वसतिगृह उघडणार दिवाळीनंतर. शिवाय गोदाम तालुक्याला. १८ क्विंटलसाठी टेम्पोचं जाणं-येणं कुणाच्या माथी?

तिसरी, गटाने बँकेकडून कर्ज घेऊन सगळा माल रोखीने विकत घेणं. गटांना ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं. पण बिल कधी निघेल हे माहीत नसताना सगळीच रक्कम कर्जाची असणं अध्यक्षाबाईंना पटेना.

चौथी, ज्वारी ठेव म्हणून घेणं: धान्य आज द्या, पैसे बिल निघाल्यावर, भाव मात्र आडतीपेक्षा चढा. ही कल्पना मांडल्याबरोबर एक बाई उठून म्हणाल्या, “ज्याच्या घरी कणगी भरली त्यानं ठेवावं. माझी उचल फिटायलीय, मला आजच पैसे लागतेत.” बैठकीचं वळण तिथेच बदललं. ठेवीची योजना ठेवू शकणाऱ्यांसाठीच होती, आणि जिची पोरं जेवणार होती तिलाच ती परवडत नव्हती.

काय केलं

शेवटी तिसऱ्या-चौथ्याची सरमिसळ झाली. ज्वारीचा भाव ३,५०० ठरला (मालदांडीचा हमीभाव तेव्हा ३,२२५ होता). नडलेल्यांना सगळी रक्कम रोख, बाकीच्यांना काहीच आगाऊ नाही, आणि सगळी मिळून साधारण निम्मी रक्कम हातावर पडेल असा मेळ घातला. तूर ९,८०० ने रोखीनेच घेतली, साडेचार क्विंटल. त्यासाठी गटाची बचत आणि १ लाखाचं बँक कर्ज. तूर शेजारच्या गावातल्या मिनी डाळ मिलवर भरडली. शंभराला ७३ किलो डाळ उतरली, चुणी जनावरांना विकली. डाळ किलोला १४२ रुपयांना पडली.

मापाचा हिशेब मुद्दाम देतो, कारण इथे आकडा किती लहान आहे ते दिसतं. ६० पोरं, पोरामागे दिवसाला २०० ग्रॅम ज्वारी, म्हणजे १२ किलो. महिन्याला साडेतीन क्विंटलच्या आत-बाहेर, पाच महिन्यांना १८. डाळ सव्वातीन-साडेतीन क्विंटल. एखाद्या शेतकरी कंपनीला एवढ्याशा मागणीसाठी गाडी पाठवणं परवडत नाही, आणि एकट्या शेतकऱ्याला तेवढं नऊ महिने सांभाळणं झेपत नाही. बचत गटाला ते बरोबर बसतं.

साठवणीवर मोठी चर्चा झाली. जुन्या माणसांनी पेवाची (धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याची) आठवण काढली, पण गावातलं एकही पेव आता धड नाही. दुकानदार कोठीत सेल्फॉसच्या गोळ्या, म्हणजे विषारी कीडनाशक, टाकतो. पोरांच्या अन्नाजवळ ते नको यावर एकमत व्हायला एक मिनिटही लागलं नाही. ज्वारी चार उन्हं दाखवून, दाताखाली कट्ट वाजली की हवाबंद पिशव्यांत भरली. पिशव्या कमी पडल्या म्हणून एक कट्टा साध्या बारदानात राहिला. ऑगस्टात तो सोंड्यांनी भुगा केला. बाकीचा माल दिवाळीला उघडला तेव्हा जसाच्या तसा होता.

आता कागद. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. आमच्या शाळेत पालक म्हणजेच ऊसतोडे. वसतिगृह सुरू होतं तेव्हा समितीचा कोरम कोल्हापूर-सांगलीकडे फडात असतो. दरवर्षी यावर उपाय म्हणजे सह्या आधी घेऊन ठेवायच्या किंवा नंतर करून घ्यायच्या. सगळ्यांना माहीत, कुणी बोलत नाही. या वेळी मुख्याध्यापकांनी दसऱ्याच्या आधीच रीतसर सभा लावली. पालक हजर असताना ठराव झाला: ज्वारी व डाळ गावातल्या गटाकडून घ्यावी, तीन दरपत्रकं मागवावीत, पीठ दर आठवड्याला दळून द्यावं, आणि पालक बाहेर असताना माल तपासायला आज्या-आजोबांपैकी तिघांनी यावं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत पक्का निर्णय हाच. पुढे जे जे वाद झाले त्यात तो ठराव टेबलावर ठेवता आला.

दरपत्रकांत गटाची ज्वारी ४० रुपये किलो, डाळ १५५. इतर दोघांची ज्वारी ४१ आणि ४५, डाळ १६५ आणि १७२. त्यातलं एक दरपत्रक गावच्या दुकानदारानेच दिलं, आपलं गिऱ्हाईक जातंय हे दिसत असताना. जीएसटी क्रमांक नाही म्हणून थोडी ओढाताण झाली. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के कर आहे. सुट्या मालावर नाही. गटाची उलाढालही नोंदणी लागण्याइतकी नव्हती. अन्न सुरक्षा नोंदणी मात्र काढून घेतली. लहान व्यवसायाला वर्षाला १०० रुपये पडतात, आणि ती नसेल तर पुढचा प्रत्येक साहेब तोच प्रश्न विचारतो.

जिथे घोडं अडलं

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. वसतिगृहांचे प्रस्ताव वर पडून राहिले. मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. कारखान्यांचं ऊसगाळप मात्र १५ नोव्हेंबरपासून सुरू होणार होतं, त्यामुळे टोळ्या दिवाळी आटोपून निघाल्या. पोरं मागे राहिली आणि मंजुरीचं पत्र नाही.

गटाच्या कोठीत ज्वारी होती, शाळेत चूल होती. मुख्याध्यापक म्हणाले, आदेश नसताना मी माल उतरवून घेतला तर पुढे वसुली माझ्या पगारातून. बरोबरच होतं. गटाने मग आज्यांच्या घरी पोरागणिक ज्वारी आणि थोडी डाळ पोचवली, वहीत नाव लिहून. सगळं मिळून २ क्विंटल ज्वारी गेली. मंजुरी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली, तीही त्या तारखेपासूनच. आधीचं धान्य बिलात धरता आलं नाही.

धान्य द्यायला हवंच होतं. पण ते देताना ‘नंतर बघू, बिलात बसवू’ असं म्हणत दिलं गेलं, हे वाईट झालं. ठेव ठेवलेल्या बायकांना वाटत राहिलं की पैसे येणार. दान असेल तर दान म्हणून ठरावाने द्यावं, उसनं असेल तर परत कोण करणार त्याचं नाव लिहावं. मधल्या अवस्थेत ठेवलेल्या धान्याने गटात महिनाभर कुरबुर चालली.

दुसरा अडसर तुरीच्या भावाचा. जानेवारीत नवी तूर आली आणि बाजार कोसळला. हमीभाव ७,५५० असताना आडतीला त्याखाली बोली होत होती. फेब्रुवारीत दुकानातली डाळ सव्वाशेच्या घरात आली आणि आमचं दरपत्रक १५५ चं. मुख्याध्यापकांनी विचारलं, “उद्या लेखापरीक्षणात मला विचारलं, बाजारात १२५ ला असताना १५५ ने का घेतली, तर मी काय दाखवू?” दरपत्रक दाखवा, असं म्हणणं सोपं होतं. पण त्यांना पुढच्या वर्षीही याच खुर्चीत बसायचं होतं आणि आम्हालाही त्यांच्याकडेच यायचं होतं. गटाने उरलेल्या काळासाठी दर १३० वर आणला. किलोमागे १२ रुपये पदरचे गेले. दोन सदस्यांनी विरोध नोंदवला: भाव चढला असता तर शाळेने आपल्याला वाढवून दिले असते का? या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं.

तिसरं, बिल. डिसेंबर-जानेवारीचं बिल मार्चअखेरच्या गर्दीत निघालं. पीएफएमएसवर (सरकारी पैसे थेट खात्यात पाठवायच्या ऑनलाइन प्रणालीवर) पुरवठादार म्हणून गटाची नोंद करताना बँकेतलं नाव ‘महिला स्वयंसहाय्यता समूह’ आणि बिलावरचं ‘महिला बचत गट’. पहिल्या खेपेला पैसे परत गेले. नवं बिलबुक छापून पुन्हा सगळ्या सह्या. तेवढे दिवस बँकेचं व्याज चालूच होतं, आणि ज्वारी ठेवलेल्या घरांत ‘कवा यायचे पैसे’ हा प्रश्नही.

भाजीपाल्याचं थोडक्यात सांगतो: रोज सुटी भाजी घेऊन रोज पावती फाडणं कुणालाच जमलं नाही. आठवड्याची एकच टोपली, त्यात डांगर, वांगी, कांदे आणि मिळेल ती पालेभाजी, असं केल्यावर ते चाललं.

निष्पत्ती

त्या हंगामात ऊस कमी होता. कारखाने लवकर बंद झाले. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आईबाप परतले आणि वसतिगृह गुंडाळलं गेलं. पाच महिन्यांसाठी साठवलेलं धान्य तीन महिन्यांत थांबलं. १८ क्विंटलपैकी १० वसतिगृहात गेली, २ आधी घरोघर, अर्धा क्विंटल किडीत. साडेपाच क्विंटल उरली. त्यातली काही ठेवीदारांनी परत घेतली, उरलेली आठवडी बाजारात खरेदीपेक्षा कमी भावाने गेली, कारण तोवर नवी ज्वारी आली होती. ८०-८५ किलो डाळ सदस्यांनीच वाटून घेतली. व्याज, पिशव्या, दळण-वाहतूक वजा जाता गटाकडे जे उरलं ते पाच आकडीही नव्हतं. ठेवीदारांचे पैसे मे महिन्यात पूर्ण फिटले.

वसतिगृहात तीन महिने रोज संध्याकाळी भाकरी झाली. आठवड्याला दळलेलं पीठ, त्यामुळे परातीत गोळा फाटत नव्हता. ताटात उरणारा भात कमी झाला, असं स्वयंपाकाच्या बाई सांगतात आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे. यामुळे पोरं फडावर गेली नाहीत वगैरे मी म्हणणार नाही. पोरं थांबतात ती घरात आजी असली तर. भाकरी ही आजीच्या डब्यावरचा भार कमी करते, एवढं खरं.

वेगळं काय करता आलं असतं

दर ठरवून टाकायला नको होता. तालुक्याच्या बाजार समितीतला मागच्या महिन्याचा सरासरी भाव, अधिक भरडाई-साठवणीचे ठरलेले पैसे, असं सूत्र ठरावात घातलं असतं तर भाव पडल्यावर मुख्याध्यापकांना भीती नसती आणि चढल्यावर गटाला पश्चात्ताप नसता. मात्र नऊ महिने आधी ९,८०० ने घेतलेल्या तुरीला हे सूत्रही वाचवू शकलं नसतं. डाळ साठवायलाच नको होती. ज्वारीचं जेवढं निमित्त होतं (विरी, मालदांडीची चव), तेवढं डाळीचं नव्हतं. ती जानेवारीत नव्या तुरीची घेता आली असती, तोवरची दुकानातून.

साठा निम्म्या हंगामाचा करून बाकीचा माल ‘लागला तर देऊ’ अशा बोलीवर घरोघर ठेवता आला असता. ऊस किती, गाळप किती दिवस, याचा अंदाज मुकादमाला कृषी खात्याच्या आधी असतो. त्याला आम्ही विचारलं नाही.

आणि एक गोष्ट गावाच्या हातातली नाही. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, बचत गट आणि महिला मंडळं हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं. केंद्राच्या पोषण आहार योजनेतही २०२१ पासून शेतकरी कंपन्या आणि बचत गटांना प्रोत्साहन द्यायची भाषा आहे. पण गटाकडून घ्या म्हणणं वेगळं आणि गटाला टिकेल असे पैसे देणं वेगळं. ब्राझीलने २००९ च्या कायद्यात शालेय आहाराच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कुटुंबशेतीच्या मालावर खर्च करणं बंधनकारक केलं. तिथे हिस्साच ठरलेला आहे, मुख्याध्यापकाच्या धाडसावर सोडलेला नाही. आपल्याकडे ठरावीक हिस्सा राहू द्या, मंजुरीबरोबर पहिल्या महिन्याची रक्कम आगाऊ दिली तरी दुकानदाराच्या वहीची गरज निम्मी कमी होईल.

जून २०२५ च्या बैठकीत गटाने पुढच्या हंगामासाठी फक्त ज्वारी ठेवायचं ठरवलं, ९ क्विंटल, सगळी हवाबंद पिशव्यांत, आणि नडलेल्यांना रोख हा नियम तसाच. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत डोंगरपट्ट्यातली तूर बरीच पिवळी पडून गेली, तेव्हा डाळीतून अंग काढून घेतल्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. दरम्यान मुख्याध्यापकांची बदली झाली. नव्या बाईंनी ठराव वाचला, पिशवीतली ज्वारी हातावर घेऊन पाहिली, चांगली आहे म्हणाल्या, आणि मग विचारलं, “जीएसटी नंबर आहे का तुमच्या गटाला?” अध्यक्षाबाईंनी पिशवीतून मागच्या वर्षीची फाइल काढली आणि सुट्या धान्याचा नियम पहिल्यापासून सांगायला घेतला.